फोडणीचा श्वास

सोमवार, २१ एप्रिल

आजही नाही.

वसंताचा सण. सगळं गाव कालव्याच्या काठावर चटया टाकून बसलेलं. पोरांच्या हातांत कांद्याच्या पाती, लेट्यूसची पानं, हवेत खारवलेल्या माशांचा वास. माझ्या नवाराने अंडं खाल्लं, रोटी खाल्ली. तामियाचा, वाल-कोथिंबिरीचा वडा मोडला, आतला हिरवा रंग पाहिला आणि तो हळूच परत ठेवला. झोपलेलं मांजराचं पिल्लू ठेवावं तसा.

शेजारच्या उम्म राफतने पाहिलंच. "बाई बाई, भाजीवाल्याची पोर आणि भाजीला नाक मुरडते! कसायाची असती तर काय गवत खाल्लं असतं?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र पोरीचा हात हातात घेतला तर मनगट माझ्या दोन बोटांत मावलं.

हीच पोर गेल्या उन्हाळ्यापर्यंत मळ्यातला तिखट गरगीरचा पाला उपटून न धुता खायची. मातीसकट! तिची आई, इनसाफ, ओरडायची, "अगं, बकरी आहेस का तू?" आणि नवारा बेंऽऽ करून दाखवायची.

गुरुवार, २४ एप्रिल

नवारा शाळेत सकाळच्या रांगेत कोसळली.

बाईंनी निरोप धाडला तेव्हा मी बाजारात मुळ्याच्या जुड्या बांधत होतो. गाडा तसाच टाकून पळालो. दवाखान्यातल्या डॉक्टरने डोळ्याची पापणी खाली ओढून दाखवली. आत लाल असायला हवं, तिथे पांढरं. रक्त फार कमी आहे म्हणाला. औषध दिलं, ते तिने तिथेच ओकून टाकलं.

"पालेभाजी द्या. कलेजी द्या. मुतवल्लीभाऊ, तुमच्याकडे तर गाडाभर भाजी असते की."

असते. काय सांगणार?

शुक्रवार, २५ एप्रिल

इस्कंदरियाहून करीमान आली. इनसाफची धाकटी बहीण. तिला कुणी कळवलं ठाऊक नाही. उम्म राफतनेच असणार.

आल्या आल्या नवाराला मांडीवर घेऊन तिचे केस विंचरले. पोर खेळायला गेल्यावर माझ्याकडे वळली.

"अबू नवारा, बाप म्हणून तुम्ही चांगले आहात. पण चांगलेपणाने पोरीच्या अंगात रक्त भरत नाही."

"मी करतोय प्रयत्न."

"काय प्रयत्न? बटाटे उकडता. माझ्या घरी दोन खोल्या रिकाम्या आहेत, समोर मोठं इस्पितळ आहे. मला मूल नाही, नवरा नाही. मी तिला जीव लावीन."

"तिचं घर इथे आहे."

"बकरी ईदपर्यंत बघते. तोवर तिने भाजी खाल्ली नाही, चेहऱ्यावर रंग आला नाही, तर घेऊन जाईन. आणि तुम्ही आडवे येणार नाही. इनसाफच्या कबरीची शपथ घ्या."

मी शपथ घेतली नाही. नाहीही म्हणालो नाही. तिचं चूक कुठे होतं?

मंगळवार, २९ एप्रिल

बारीक चिरलेली कोथिंबीर खिम्यात लपवली. गोळे चांगले काळसर भाजले, हिरवं दिसू नये म्हणून.

पहिला गोळा खाल्ला! मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून अल्लाचे आभार मानले. बाहेर आलो तर दुसरा गोळा ताटात फोडलेला. ती माझ्याकडे बघत होती. राग नव्हता. भीती होती.

"बाबा, यात आहे."

मग पाणी प्यायली. पुन्हा प्यायली. छातीवर हात ठेवून बसून राहिली, काहीतरी होण्याची वाट बघत असल्यासारखी.

बुधवार, ३० एप्रिल

आता मी वाढलेली रोटीसुद्धा ती उघडून बघते.

शनिवार, ३ मे

आज मी वाईट वागलो.

पालक घोटून डाळीत घातला होता, उघडपणे, न लपवता. उम्म राफत भिंतीवरून सांगत होती, "कान पकडा आणि भरवा, आमच्या सासूने आमच्या पोरांना तसंच खायला शिकवलं." आधी गोष्ट सांगून पाहिली. मग विनवलं. मग मी तिची हनुवटी धरली आणि चमचा ओठांना लावला. तिने दात घट्ट मिटले. चमचा दातांवर वाजला.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

नमाजाला उभा राहिलो तर कपाळ टेकवल्यावर कानात तोच आवाज. या रब, माझ्या हाताला मऊ कर.

मंगळवार, ६ मे

तिची माफी मागितली. "पुन्हा कधीच नाही करणार," म्हटलं. ती म्हणाली, "बरं." मोठ्या माणसासारखं.

तिला मळ्यात एक वाफा दिला. तिचा स्वतःचा. गरगीरचं बी हातात दिलं. मनात आशा, स्वतः पेरलेलं कोण टाकतं?

सोमवार, १२ मे

गरगीर उगवला. दाट, पोपटी. शाळेतून येते ती थेट वाफ्यावर. ओंजळीने पाणी घालते, रोपांशी बोलते. काय बोलते ते मला ऐकू देत नाही.

मळ्याच्या दुसऱ्या अंगाला मुलूखियाची पालेभाजी वीतभर झाली आहे. तिकडे पाऊल टाकत नाही.

इनसाफची मुलूखिया! दोन मुठींच्या वाकड्या सुरीने पानं चिरताना तिचं सगळं अंग डोलायचं. रश्शात पानं पडली की लसूण-धण्याची फोडणी. आणि फोडणी ओतताना दचकल्यासारखा श्वास आत ओढायची: हाऽऽ! गावातली प्रत्येक बाई ओढते. नाही ओढला तर मुलूखियाला चव येत नाही म्हणतात. मी विचारायचो, "श्वासाने काय होतं गं?" ती म्हणायची, "तू खातोस ना? मग गप खा."

तो आवाज अंगणात ऐकू आला की नवारा मला बोलवायला मळ्याकडे धूम ठोकायची. ते तिचं काम होतं. "बाबा, श्वास झाला! चल!"

इनसाफ गेल्यापासून या घरात मुलूखिया शिजलेली नाही. माझी हिंमत झाली नाही.

गुरुवार, २२ मे

वाफ्यातल्या गरगीरच्या जुड्या तिने बाजारात गाड्यावर मांडल्या. विकल्या. एक पान तोंडात घातलं नाही. आज पायऱ्या चढताना मधेच बसली. ओठ पांढरे.

ईद जवळ येते आहे.

शुक्रवार, २३ मे

विचित्र प्रसंग. एक नवी सून गाड्यावर आली. हंगामातली पहिली मुलूखिया मागितली. मी जुडी बांधत होतो, तेवढ्यात नवाराने तिची ओढणी धरली.

"तू श्वास ओढतेस?"

ती हसली. "नाही ओढला तर सासू ताट माझ्या अंगावर फेकेल, राणी."

"ओढू नकोस."

"का गं?"

"ओढू नकोस ना!"

बाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. नवाराने जुडी पाठीमागे लपवली होती. बोटांतून रस गळेपर्यंत चुरगाळली. मी दुसरी जुडी दिली. घरी येताना कारण विचारलं. तिने हिरवी बोटं झग्याला पुसली.

रविवार, २५ मे

आज कळलं.

दुपारी उम्म राफतच्या घरून लसणाचा वास आला आणि मग भिंतीपलीकडून हाऽऽ! नवारा पाटीवर बेरजा करत होती. पाटी फुटली. मी वळेपर्यंत ती जिन्याखाली, दोन्ही कानांत बोटं.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. तिनेच सांगितलं.

आई गेली त्या दिवशी ती पेरूच्या झाडाखाली मांजरीशी खेळत होती. आत आईने श्वास ओढला. तिला वाटलं फोडणी झाली. म्हणून ती पळाली, मळ्याकडे, मला बोलवायला. आत गेलीच नाही. मला ते सगळं आठवतं: उड्या मारत आली होती, बाबा, श्वास झाला! आम्ही हात धरून गाणं म्हणत परत आलो होतो. आणि इनसाफ चुलीपुढे पडलेली. भांड्यात हिरवी मुलूखिया, वर फोडणी नाही.

"मुलूखियाने आईचा श्वास घेतला, बाबा. आईने आत ओढला आणि हिरव्यात गेला. परत नाही आला."

नऊ महिने ही पोर हे पोटात घेऊन माझ्यासमोर जेवायला बसत होती. आणि मी त्यावर कोथिंबीर लपवत होतो.

मी सांगितलं, आईचं हृदय लहानपणच्या तापाने अधू झालं होतं. डॉक्टरने पूर्वीच सांगितलं होतं. भाजीचा काही दोष नाही. श्वासाचाही नाही.

"मी आत गेले असते तर?"

"तरी तू मलाच बोलवायला पळाली असतीस. तसंच आलो असतो आपण."

"गाणं म्हणत नसतो आलो."

तिला कुशीत घेतलं. आता रडली. खूप.

गुरुवार, २९ मे

मला वाटलं होतं, सांगून टाकलं म्हणजे सुटलं. तसं नसतं. आजही रोटी आणि बटाटा. फक्त रोटी आता उघडून बघत नाही.

करीमानचा फोन आला. "बुधवारी निघते. तिचे कपडे काढून ठेवा." मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, "मग तर तिला त्या घरात ठेवूच नका, अबू नवारा."

हेही खरं असेल. या रब, कोणतं खरं?

गुरुवार, ५ जून

ईदच्या आदल्या दिवसाचा, अरफाचा रोजा होता.

करीमानची पेटी काल संध्याकाळपासून दाराशी. मी सकाळी ठरवलं: आज या चुलीवर मुलूखिया शिजेल. पोर जाणार असेल तर त्या भांड्याला घाबरून जाऊ नये. नवाराला सांगूनच केलं. "तुला खायची गरज नाही. दाराबाहेर बसलीस तरी चालेल." ती पेरूखाली जाऊन बसली. करीमान म्हणाली, "हे काय डोक्यात घेतलंत?" पण बाह्या सारून सुरी तिनेच घेतली. मला इतकं बारीक कुठे जमतं!

सूर्य खाली आला. पानं रश्शात पडली. तुपात लसूण लाल झाला. करीमानने कढई उचलली, ओतली आणि हाऽऽ!

तिने मुद्दाम केलं नाही. हाताबरोबर आपोआप आलं. पण तो इनसाफचा आवाज होता! हुबेहूब. दोघी एकाच आईकडून शिकलेल्या. करीमानचंही तोंड पांढरं पडलं, श्वास तसाच आत अडकलेला. मी दाराकडे पाहिलं.

नवारा पेरूखाली उभी होती. तिचं तोंड मळ्याकडे. मग वळली, आणि आत धावली. आत! मावशीच्या कमरेला मिठी मारून ओरडली, "सोड! मावशी, सोड ना! बाहेर सोड!"

करीमानने श्वास सोडला. लांब, हुंदक्यासारखा. नवाराने तिच्या पोटाला कान लावला. "पुन्हा." तिने पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. "पुन्हा."

अजान झाली. मी खजूर हातात घेऊन तसाच उभा.

मग ती वळून भांड्याकडे बघत राहिली. रोटीचा तुकडा मोडला, कडेने बुडवला, तोंडात घातला. आम्ही दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही. बघायची छाती नव्हती.

"मीठ कमी आहे," म्हणाली.

शुक्रवार, ६ जून

ईद. उम्म राफतने कुर्बानीचा वाटा पाठवला, वर निरोप: "पोरीला आता मटण तरी द्या!" पोरीने मटण बाजूला सारून कालची मुलूखिया मागितली.

करीमानने पेटी दारातून उचलून आत नेली. म्हणाली, "इथेच राहू दे तिला. मी हरले." हसत होती, पण डोळे पुसत होती. उद्या एकटीच निघते.

मी जिंकलो. तसंच म्हणायला हवं.

शनिवार, ७ जून

नवारा मावशीबरोबर गेली. कुणी नेली नाही. बस आली तेव्हा स्वतःच पायरीवर चढली. "बाबा, मावशी स्वयंपाकघरात एकटीच असते. तिने श्वास ओढला तर आत धावायला तिथे कुणी नाही." शाळा उघडेपर्यंत, म्हणाली. पिशवीत वर मुलूखियाच्या जुड्या, तिनेच बांधलेल्या.

घरी येऊन मी चूल पेटवली. फोडणी ओतली. श्वास ओढला, आणि मोठ्याने सोडला.