तुझ्या आईचा खांदा

सौरव,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही.

साखरपुडा झाल्यावर प्रताप नगरातल्या माझ्या अरोमाथेरपीच्या क्लाससमोर उभा राहून तू ओरडलास, "परक्या लोकायले मालिश करून राहिली तू! लाज नाही वाटत?" मी कोर्स सोडला नाही, म्हणून लग्न मोडलंस. वर नातेवाइकांत सांगत फिरलास, की मुलीचं वळण बरोबर नाही.

काल आमच्या सरावाच्या वर्गात, मोफत मालिश करून घ्यायला, तुझी आई आली. खांदा पार आखडलेला. मला पाहताच काकू दारातूनच परत निघाल्या. मी त्यांना थांबवलं, तिळाच्या तेलात लव्हेंडरचे थेंब मिसळून हलक्या हातानं खांदा चोळला. त्या एकदम रडायला लागल्या.

"दुखलं का, काकू?"

"नाही वं. किती महिन्यांनी कोणी विचारलं मले! सौरवले सांगू नको हं."

तुला रोज गरम पोळी वाढतो तो हात, सौरव! तो वर जात नाही, हे तुला एकदाही दिसलं नाही? आणि लाज मला वाटायला हवी?

आत्ता तुझ्या दारात येऊन हे सगळं बोलावंसं वाटतंय. पण काकूंना शब्द दिलाय, म्हणून हे पत्रही पाठवणार नाही. तू खुशाल माझी बदनामी करत राहा. मंगळवारी त्या परत येणार आहेत.

तुझी कोणीही नसलेली,
सुरुची