रेडिएटरमधलं पाणी

२१ जानेवारी, मंगळवार

गाडी बंद पडली. हायवेवर. बाहेर उणे सव्वीस!

उपासना ऑफिसातून निघाली आणि दहा मिनिटांत हीटरमधून गार हवा यायला लागली. मग काटा लाल रेघेवर, बॉनेटमधून वाफ. तिने गाडी कडेला घेऊन मला फोन केला. “बाबा, काळजी करू नका, टो ट्रक येतोय.” टो ट्रकला पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ माझी पोर त्या गार डब्यात बसून होती आणि मी इथे खिडकीशी. करणार काय? दुसरी गाडी नाही, या परक्या देशातलं लायसन नाही.

घरी आली तेव्हा बोटं पांढरी पडलेली. चहाचा कप धरवेना. मी हात चोळत बसलो. तिसरीतली असल्यासारखी गप्प बसून चोळून घेतले तिने.

टोवाल्याने गाडी घरच्या गॅरेजात सोडली आहे. उद्या बघतो.

२२ जानेवारी

ती घरूनच काम करते आहे. मी बॉनेट उघडलं. रेडिएटरला खालच्या बाजूला बोटभर चीर, आत फिकट गुलाबी बर्फ. टॉर्च मारून सगळं इंजिन पाहिलं. इंजिन वाचलंय, नशीब.

इथे तरी खोटं कशाला लिहू? पाणी मी घातलं.

नोव्हेंबरपासून डॅशबोर्डवर कूलंटचा, म्हणजे त्या न गोठणाऱ्या गुलाबी द्रवाचा, दिवा लागत होता. तिला म्हटलं, तर “बघते बाबा, वीकएंडला.” तिचा वीकएंड कधी उगवत नाही. मग दर रविवारी सकाळी, ती झोपलेली असताना, मीच स्वयंपाकघरातला जग भरून टाकी काठोकाठ करायचो. एसटीच्या वर्धा डेपोत चौतीस वर्षं सकाळचं पहिलं काम हेच होतं — रेडिएटरला पाणी. हात आपोआप चालले. कूलंटच्या जागी पाणी भरलं की थंडीत त्याचा बर्फ होतो आणि लोखंडही फोडतो, हे कळायला वर्ध्यात बर्फ होता कुठे? पण मी आता वर्ध्यात नाही, एवढं तरी कळायला नको? खिडकीबाहेर कमरेइतका बर्फ आहे!

हेड मेकॅनिक म्हणे. थू!

हे तिला कळलं तर माझं घर गेलं. माझी बायको शीला गेल्यापासून दोन्ही पोरांचं एकच पालुपद — “बाबा, आता एकटं राहायचं नाही.” गेल्या वर्षी मी शेजारच्या गेटला आमची किल्ली लावत उभा राहिलो. कॉलनीतली सगळी गेटं हिरवी, कोणाचीही चूक होईल! पण शेजाऱ्यांनी ते माझ्या मुलाला, प्रफुल्लला सांगितलं, त्याने पुण्याहून उपासनाला कळवलं, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात बिघाड आहे असं ठरलं. प्रफुल्लने घराला गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. ते घर मी वीट न् वीट उभं राहून बांधून घेतलेलं. दोन मार्चचं परतीचं तिकीट आहे माझं. उपासनाला सांगितलं की “बघू” म्हणते.

तेव्हा ठरलं. रेडिएटर मी स्वतः बदलणार. आणि पाण्याचं कोणालाही सांगणार नाही.

२३ जानेवारी

पार्ट ऑनलाइन मागवला. ती गॅरेजला न्यायचं म्हणत होती. मी म्हटलं, “तुझ्या बापाने लेलँडची इंजिनं उतरवलीत, ही खेळण्यातली गाडी आहे.” मान्य केलं. तिलाही बरं वाटलं असावं. ऋषीशी घटस्फोट झाल्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून या घरातला प्रत्येक स्क्रू तीच पिळते.

पण संध्याकाळी फिकट बर्फ तिनेही पाहिला. हुशार आहे, इंजिनिअर आहे. म्हणाली, “हे तर डायल्यूट झालंय, बाबा! डिसेंबरमध्ये ऑइल चेंज केलं ना, तेव्हा गॅरेजवाल्या त्या अब्दीनेच पाणी घातलं असणार. हे लोक असंच करतात.”

हे लोक!

जेवलो आणि झोपलो.

२४ जानेवारी

झोप कसली! डेपोत पाना हरवला की जात बघून सगळ्यात आधी माझी हत्यारांची पेटी उघडायचे. पाना नंतर भलत्याच कोणाच्या तरी सीटखाली सापडायचा, आणि माझी पेटी पुन्हा बंद करायलाही कोणी यायचं नाही. उपासना तेव्हा लहान होती. तिला हे मी कधी सांगितलं नाही — कशाला पोरांच्या डोक्यात भरायचं म्हणून. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

अब्दी सोमालियाचा आहे. डिसेंबरात मी तिच्याबरोबर गेलो तेव्हा त्याने मला खुर्ची दिली होती, हीटरजवळची.

२५ जानेवारी, शनिवार

पार्ट आला. गॅरेजात छोटा हीटर लावला तरी पाने हाताला चिकटतात इतके गार. सकाळी नऊला सुरुवात. खालचा पाइप, वरचा पाइप, पंखा, मग रेडिएटर. बोल्ट गंजलेला — दीड तास त्याच्याशी झटापट. पाठ मोडली. उपासना म्हणाली, “बाबा, राहू द्या ना, उद्या करू.” मी म्हटलं, “चौदा नंबरचा दे आणि गप्प बस.” दिला. नंतर न मागता बरोबर नंबरचा पाना हातात ठेवायला लागली.

मूळ गळतीही सापडली. एका पाइपची क्लिप सैल. तेवढीच! पहिल्या दिवशीच आवळली असती तर पाणी घालायची वेळच आली नसती. पण मी जग घेऊन धावलो.

नवा बसवला. कूलंट भरलं, या वेळी बाटलीवरचं सगळं वाचून, चष्मा लावून.

२६ जानेवारी

इंजिन उत्तम चाललं. गरमही होत नाही. पण हीटर गार तो गारच! दिवसभर झटलो. एसटीला हीटर कुठला? यातलं मला काही येत नाही. पण सोडणार नाही.

२७ जानेवारी

उपासनाने गॅरेजच्या मालकाला फोन केला. मला न सांगता. मालक म्हणाला, चौकशी होईपर्यंत अब्दीला कामावर घेत नाही. ती समाधानाने सांगत होती, “निदान सिरियसली तरी घेतलं, बाबा.”

अर्धी भाकरी ताटात टाकून मी उठलो.

२८ जानेवारी

सांगितलं.

सकाळी तिने लॅपटॉप उघडायच्या आत. उभ्यानेच सांगितलं, बसलो असतो तर शब्द फुटला नसता. “पाणी मी घातलं. नोव्हेंबरपासून. अब्दीने नाही. आणि ‘हे लोक’ म्हणालीस ना परवा — तसं मला चौतीस वर्षं म्हणत होते.” मग पेटीचं सगळं सांगितलं.

मला वाटलं, ती त्या किल्लीचा विषय काढेल. नाही काढला. तोंड झाकून रडली. मग म्हणाली, “आणि तुम्ही पाच दिवस मला त्याच्याबद्दल बोलू दिलंत?”



मालकाला तिने तिथल्या तिथे फोन केला. मग टॅक्सी करून आम्ही दोघं गॅरेजवर गेलो. मालकाने अब्दीला बोलावून घेतलं होतं. मी इंग्रजी मनात जुळवत गेलो होतो, तिथे फक्त “माय मिस्टेक” एवढंच निघालं. तो हसला नाही. म्हणाला, तुमची मुलगी मेली असती. बरोबरच आहे. ऐकून घेतलं. उपासनाने त्याची माफी मागितली, त्यावर त्याने नुसती मान हलवली.

तरीही निघताना मी विचारलंच — हीटर का गार? निर्लज्जासारखं. पण गाडीचं काम अर्धं टाकून मी आजवर घरी गेलेलो नाही. त्याने कागदावर चित्र काढून दिलं. नळीत हवा अडकली आहे. गाडी उतारावर उभी करायची, तोंड वर, झाकण उघडं, हीटर फुल, आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं.

१ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस उपासना कामापुरतं बोलते. तिकिटाबद्दल एक शब्द नाही. मला कळतंय काय शिजतंय ते. प्रफुल्लचाही फोन येऊन गेला, आत जाऊन बोलली.

मग जेवताना मीच तोंड उघडलं. म्हटलं, “चूक झाली, मोठी झाली. पण म्हणून मी वर्ध्यात राहू शकत नाही असं होत नाही. वर्ध्यात पाणी गोठत नाही.” तिला हसू आलं. लपवायला उठून गेली.

२ फेब्रुवारी, रविवार

ड्राइव्हवेच्या उतारावर गाडी तोंड वर करून उभी. उणे बारा. मी टोपी, मफलर, तिचं जाडं जॅकेट घालून झाकणापाशी, ती आत. चाळीस मिनिटं बुडबुडे! पायाची बोटं गेली असं वाटलं. “बाबा, आत या!” — नाही गेलो. कूलंट खाली गेलं की भरायचं, पुन्हा थांबायचं.

मग ती आतून ओरडली, “आलं! गरम! बाबा, गरम!”

मी शेजारी जाऊन बसलो. दोन्ही हात जाळीसमोर धरले. खरंच गरम हवा होती. अर्धा तास आम्ही कुठेही न जाता गाडीतच बसून राहिलो.

४ फेब्रुवारी

आज ऑफिसातून आल्यावर म्हणाली, “बाबा, तुम्ही जा दोन मार्चला. घर विकायचं नाही म्हणून प्रफुल्लला सांगितलंय. तुम्ही राहाल एकटे, मला माहितेय.”

जिंकलो! बॅग माळ्यावरून आजच काढू म्हटलं.

मग बुटांची नाडी सोडत, मान खाली घालून म्हणाली, “माझ्याच्याने नाही होत. एकटं राहणं. तुम्ही यायच्या आधी मी ऑफिस सुटल्यावर पार्किंगमध्येच बसून राहायचे. घरी यावंसंच वाटायचं नाही.”

मी म्हटलं, “मग हे आधी का नाही बोललीस? माझ्या म्हातारपणाचं काय काढत होतीस?”

“लाज वाटली.”

तिकीट पुढे ढकलायला सांगितलं. मीच.