मोंतेस क्लारोसचा निकाल

गिरावीन, ३ जून २०२४

प्रिय फ्रँकी,
अ. उ. आ.

फोनवर बोलले की पप्पा कान टवकारतात, म्हणून पत्र. जन्मभर त्यांनी वसईच्या शाळेत १६६५ सालची मोंतेस क्लारोसची लढाई शिकवली. पोर्तुगालच्या राजाने तिथे स्पेनच्या राजाला कायमचं हरवलं, म्हणून आपली वसई पोर्तुगीजांकडेच राहिली, हे तुला-मला भाकरीबरोबर भरवलं. आता इथे परदेशात, आठवण दगा द्यायला लागल्यापासून, त्यांच्या लेखी ती लढाई अजून चालू आहे. दिवसभर खिडकीशी बसतात आणि निकाल आल्याशिवाय घास उतरत नाही म्हणतात. डॉक्टर सांगते, असंच चाललं तर नळीने भरवावं लागेल. माझी मती गुंग झालीय.

लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर हवं.

तुझी,
लूसीताई

क्रेगीबर्न, ८ जून

प्रिय लूसीताई,
सा. न. वि. वि.

पप्पांचा सगळ्यात ढ विद्यार्थी मी आणि इतिहासाचा प्रश्न मलाच विचारतेस. पण हे उत्तर मलाही पाठ आहे, त्यासाठी छड्या खाल्ल्यात. पोर्तुगाल जिंकला म्हणून सांगून टाक. खोटं थोडंच आहे? सुटी मागितली की सुपरवायझर नो वरीज, मेट म्हणतो आणि वेअरहाऊसची आणखी एक शिफ्ट लावतो. वर्ष झालं पप्पांना बघून, मला लाज वाटते.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
फ्रँकी

गिरावीन, १७ जून

प्रिय फ्रँकी,
अ. उ. आ.

निकाल सांगितला. पप्पांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच विचारलं, आपले किती गेले? मेलेल्यांसाठी चर्चमध्ये मिस्सा ठेवू म्हणाले. मला वाटलं, बरं झालं, मन रमेल. पॅरिशच्या ऑफिसात मी गाडी लावून येईपर्यंत त्यांनी नावं देऊनसुद्धा टाकली. काल वेदीवरून फादरनी मोंतेस क्लारोसला पडलेल्यांसाठी प्रार्थना सांगितली, आणि त्यांच्याबरोबर इग्नेशियस सरांचा मुलगा फ्रँकी याच्या आत्म्यासाठी. शेजारची जॅनेट माझ्या गळ्यात पडून रडली. तू जिवंत आहेस हे सगळ्यांना पटवता पटवता नाकी नऊ आले.

घरी तुझा फोटो दाखवला, तर होता असाच, म्हणाले. मग स्वतःहून ताट मागितलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. त्यांचं वाट बघणं संपलंय, फ्रँकी. मला आनंद झाला आणि आनंद झाला याचीच भीती वाटली.

शिफ्ट गेली खड्ड्यात, ये.

लूसीताई

क्रेगीबर्न, २६ जून

प्रिय लूसीताई,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडे येऊन परत पोचलो, पण एअरपोर्टवर तुला सांगायचं राहिलं ते लिहितोय. तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा पप्पांनी मला शेजारी बसवलं आणि लढाईत होतास का, असं विचारलं. मी फ्रँकी आहे, असं मी दोनदा सांगितलं. त्यांनी ताट दूर सरकवलं. मग मी हो म्हणालो, लढाईत होतो, तुमच्या फ्रँकीच्या जवळच होतो. त्याला फार त्रास झाला का, विचारलं. नाही म्हणालो. त्यांनी डोळे पुसले, ताट पुन्हा ओढलं आणि आपल्यातला अर्धा मासा मला वाढला. आम्ही दोघे जेवलो. ताई, मला दुसरं काही सुचलंच नाही.

निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, तू परत आलास हे चांगलं झालं, तुझा बाप उपाशी बसला असेल, आता इकडेतिकडे थांबू नकोस, आधी त्याला जाऊन भेट.

लोभ असू दे, ताई.

तुझा,
फ्रँकी