झेंडा एक फेरी आधी पडला

३ नोव्हेंबर, सोमवार
टँकर आला का, यांचं सकाळपासून तीनदा विचारून झालं. आला, रेसच्या ट्रॅकवर पाणी मारून गेला, असं मी तिन्ही वेळा ठोकून दिलं. आला नव्हता. यांचा पुतण्या किसन टँकर चालवतो, तो झोपलेला. चौथ्यांदा हे स्वतःच ट्रॅकवर गेले, अनवाणी. माती पायाला लागली की यांना कळतं. परत येऊन म्हणाले, "कोरडं ठाक हाय. खोटं कशाला बोलतीस?" यांचे पाय काही विसरलेले नाहीत. डोक्याचं काय ते डॉ. बुधवारी सांगतील.
भात झोडायचं राहिलंय.

५ नोव्हेंबर, बुधवार
पुण्याला जाऊन आलो. पौडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो होतो, एकाने ओळखलं. "दत्ताआण्णा ना? तुमच्या उड्या बघाया आमी झाडावर चडायचो." हे खूश. तो गेल्यावर मला विचारलं, "कोन व्हता?" यात आजाराचा काही संबंध नाही, मीही ओळखलं नाही त्याला.
डॉ. म्हणाले, मोटरसायकलवरून पडून पडून डोक्याला जे मार बसले ते जिरत नाहीत, साठतात. आता जे जाईल ते परत यायचं नाही. हे पडले की लोक उभे राहायचे, उठले की टाळ्या वाजवायचे. मीसुद्धा वाजवल्यात.
कामावर जाऊ देऊ का, विचारलं. म्हणाले, जबाबदारीचं असेल तर नको.
ट्रॅकचा मॅनेजर. रेस सुरू करायची ती यांनी, थांबवायची ती यांनी, शेवटचा काळा-पांढरा झेंडा यांच्याच हातात. जबाबदारीचं नाही तर काय.
ट्रॅकचा मालक समीर यांच्याच हाताखाली गाडी शिकला. त्याला सांगायला हवं. सांगणार नाही. ट्रॅक काढून घेतला तर यांच्याकडे सकाळी उठायला कारण उरणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
उद्या रेस. चिंचोके पुसून ठेवले.
हे गाडी चालवायचे तेव्हा मी कडेला उभी राहून चिंचोक्यांवर फेऱ्या मोजायची आणि किती राहिल्या ते पाटीवर खडूने लिहून दाखवायची. लग्न नवं होतं. माझ्या माहेरी सांगितलं होतं, मुलगा पुण्याला दूध घालतो. दुधाचे कॅन लावून तो कुठल्या वेगाने जातो ते कोणी बोललं नाही. पाटी कधी चुकली नाही माझी. देशाचा चॅम्पियन झाले त्या दिवशीही फोटोत कोपऱ्यात माझी पाटी आहे, मी नाही.
पावसाळ्याआधीच्या रेसला मी वर मचाणावर यांच्याशेजारी पुन्हा मोजायला बसले. निमित्त गोळ्या आणि पाण्याची बाटली. जितक्या फेऱ्या तितके चिंचोके डाव्या वाटीत, फेरी झाली की एक उजवीकडे. शेवटची संपत आली की यांचं कोपर दाबायचं, की हे झेंडा टाकतात. लोकांना वाटतं म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. वाटू दे.
खाली पोरं कॉम्प्युटर घेऊन बसतात, पण रेस संपते ती झेंड्यानेच. झेंडा पडला तिथे निकाल. मग देव आला तरी बदलत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
लिहवत नाही. पण लिहिते.
शेवटची मोठी रेस. पुढे महाळुंग्याच्या टॉवरमधला एक मुलगा, नवी कोरी गाडी. मागे नांद्याचा ओंकार, जुन्या गाडीवर, प्रत्येक फेरीला जवळ येत चाललेला. मागच्या वळणावर एक पोरगं पडलं. किसनने बाकीच्यांनी जपून जावं म्हणून पिवळा झेंडा हलवला. ते उठेना. माझा जीव तिकडे, डोळे तिकडे. यांचं सगळं पडणं एकदम आठवलं. हात आपला वाट्यांवर चालूच. मग ते पोरगं उठलं, कपडे झटकायला लागलं. मी खाली बघितलं तर डावी वाटी रिकामी.
कोपर दाबलं. हे म्हणाले, "एक हाय अजून."
मी परत दाबलं, जोरात. म्हटलं, "अहो, टाका."
यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या वाट्यांकडे बघितलं. आणि टाकला.
ओंकार मनात मोजत होता, त्याने वेग सोडलाच नाही. पुढच्या वळणावर त्या मुलाला मागे टाकलं आणि हात वर करून आला. कोणीच टाळी वाजवेना. मग त्याला सांगितलं, रेस मघाशीच संपली.
दोन चिंचोके एकदम गेले असणार माझ्या हातून. यांचं बरोबर होतं. कितीतरी दिवसांनी यांचं काही बरोबर आलं होतं, आणि मी...

१० नोव्हेंबर, सोमवार
ओंकारचे वडील आले. ओट्यावर बसले नाहीत, चहाही नको म्हणाले. "दत्ताआण्णा, तुमाला देव मानत व्हतो आमी. माज्या पोराची एक फेरी खाल्ली तुमी."
हे हात जोडून उभे. "चुकलं माजं. डोकं ऱ्हात न्हाई आता."
मी दारात उभी. तोंड उघडलं तर हे पावसाळ्याआधीपासून स्वतः मोजत नाहीत, असं गावभर होणार, नाही उघडलं तर हे असे हात जोडून. उघडलं नाही. ते गृहस्थ गेले.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी उठल्या उठल्या विचारलं, "काल झेंडा चुकला ना माज्याकडनं?" कालही हेच. यांच्यासाठी रोज कालच. चहा प्यायलेला विसरतात, बहिणीचं नाव विसरतात, आणि जे विसरायला हवं ते नेमकं चिकटून बसलंय.
सांगून टाकलं. म्हटलं, अहो, तुम्ही म्हणालात एक हाय अजून. मी कोपर दाबलं. चूक माझी.
सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू लई सांबाळतीस मला. टँकर न्हाई आला तरी आला म्हनतीस."
हसले. मला रडू आलं, तर त्यांना वाटलं त्यांचं खरं निघालं म्हणून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
परत सांगितलं. परत तेच. उद्या पुन्हा सांगायचं. किती दिवस?
भात झोडून झाला. यंदा इंद्रायणी बरी आलीय. खायला दोघंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार
समीर आला, पेढे घेऊन. पेढे बघितले तेव्हाच मी ओळखलं.
"काका, तुम्ही खूप केलंत. आता जरा आराम. पुढच्या रेसपासून झेंड्याला पुण्याचा माणूस येतोय. आणि आपण ट्रॅकला तुमचं नाव देतोय. कमान करतोय मोठी."
हे म्हणाले, "नाव मेल्यावर देत्यात."
समीर हसला. त्याला वाटलं गंमत केली. हे गंमत करत नव्हते. किसनही हसला, पेढा खात. त्याला समीरने सांगून ठेवलंय, टँकर दुपारी फिरवला तरी चालेल आता, सकाळी बघायला कोण येतंय.
यांनी किल्ल्यांचा जुडगा स्वतःच काढून दिला. कोणती किल्ली कशाची, सगळं बरोबर सांगितलं. टायरच्या शेडची, पंपाची, वरच्या मचाणाची. समीरच्या डोळ्यांत पाणी. चांगला आहे हो पोरगा. चांगलाच आहे, म्हणून भांडताही येत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
समीरच्या ऑफिसात गेले. वाट्या, चिंचोके सगळं नेलं पिशवीत. कसं मोजते ते टेबलावर मांडून दाखवलं, कुठे चुकले तेही. डॉ. काय म्हणाले तेही सांगितलं, आता लपवायला काय राहिलंय.
त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "काकू, तुम्ही किती करता काकांसाठी. चूकसुद्धा अंगावर घ्यायला निघालात."
मी म्हटलं, अरे, अंगावर घेत नाहीये, माझीच आहे.
"हो, हो. चहा घ्या."
आणि समजा पटलं असतं त्याला, तरी काय? मग काका मोजतच नव्हते असं ठरलं असतं. कुठूनही गेलं तरी हे घरीच. फक्त एवढं व्हायला हवं होतं की त्या दिवशी तरी यांचं डोकं ठिकाणावर होतं, हे कोणाला तरी कळावं. मला कळलंय, पण माझं धरतंय कोण.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
हे आता ट्रॅकवर जात नाहीत. सकाळी उठतात, पायरीपर्यंत जातात, चपला बघतात, परत येतात. अनवाणी जाणारा माणूस, चपला कशाला बघतो?
माझ्या वाट्या फडताळातून काढून घेतल्या. दिवसभर या वाटीतून त्या वाटीत. मी विचारलं, काय चाललंय. "सराव." 
पाहुणे आले की हे करंडकांकडे पाठ करून बसतात. एका कपात कपड्यांचे चिमटे असतात, तोच तेवढा हाताळतात.

२३ नोव्हेंबर, रविवार
आज रेस. सकाळी समीरचा फोन. कमानीवर दत्तात्रय लिहायचं की दत्ताआण्णा? फेऱ्या मागच्या वेळेइतक्याच ना, असं यांनी मला त्याला विचारायला लावलं. कमानीचं उद्या सांगते म्हटलं. कमानीच्या उद्घाटनाला माइक माझ्या हातात आला, तर सगळ्यांसमोर, ओंकारच्या वडिलांसमोर... आणि सगळे डोळे पुसत म्हणतील, बघा, बायको असावी तर अशी.
ट्रॅकचा आवाज अंगणात स्वच्छ येतो. हे ओट्यावर बसले, दोन्ही वाट्या पुढे घेऊन. गाड्या घरामागच्या वळणाला आल्या की एक चिंचोका. मी सुपात तांदूळ पाखडत होते. मोजत नव्हते, आता मोजायची छाती नाही माझी.
मध्येच आवाज जरा मंदावला. मी म्हटलं, संपली वाटतं. यांनी मान हलवली. बोट डाव्या वाटीत.
"एक हाय अजून."
गाड्या आल्या, वळणावरून गेल्या आणि पलीकडे एकेक करून बंद झाल्या. तिकडे टाळ्या. यांनी शेवटचा चिंचोका उजवीकडे टाकला आणि माझ्याकडे बघितलं.
"बराबर आलं?"
"बरोबर आलं. अगदी बरोबर."
"तू बराबरच म्हननार," म्हणाले, आणि सगळे चिंचोके पुन्हा डाव्या वाटीत ओतले.