खुर्चीतून सतरा वेळा

आटगाव, रविवार

प्रिय चंद्रकला,

अभिनंदन. छातीशी हातांची घडी घालून तीस सेकंदांत तू खुर्चीतून सतरा वेळा उठलीस, हे माझ्या नातीने परवा घरात शिरता शिरता सांगितलं. चपलाही काढल्या नव्हत्या. एकाहत्तराव्या वर्षी सतरा. मला ते जेवताना, भांडी आवरताना आणि आज सकाळी चहाबरोबर पुन्हा ऐकावं लागलं.

राहीने बारावीला शारीरिक शिक्षण घेतलंय, हे तुला कळलंच असेल. आता तो मोठा विषय झालाय म्हणे. जाड पुस्तक, लेखी पेपर, प्रात्यक्षिक, बाहेरून येणारे परीक्षक. स्नायूंची इंग्रजी नावं ती माझ्यासमोर घोकते आणि मी उच्चार सुधारते. तेवढाच माझा उपयोग. आपल्या शाळेत तुझा विषय म्हणजे शुक्रवारचा शेवटचा तास, आणि तोही मी माझ्या इंग्रजीसाठी मागून घ्यायचे. पोर्शन राहिलाय, म्हणायचे. तू शिट्टी पर्समध्ये टाकून मैदानावर जायचीस आणि एकटीच चुन्याच्या रेघा मारायचीस. वर्गातून दिसायचं. मुलांनाही दिसायचं, म्हणून मी खिडकी लावून घ्यायचे.

खरं सांगू? पोर्शन दर वेळी राहिलेला नसायचा. तुझ्या तासाची घंटा झाली की मुलांचे चेहरे जसे उजळत, तसे माझ्या तासाला कधीच उजळले नाहीत. मला ती मॅडम म्हणत, तुला बाई. गेल्या वर्षी म्हसा गावच्या जत्रेत आपल्याला तानी भेटली, पाड्यावरून शाळेत अनवाणी धावत यायची ती. आता पोलिसात आहे. भर गर्दीत वर्दीनिशी तुझ्या पायाशी वाकली, 'बाई, तुमी व्हत्या म्हणून,' म्हणाली. मला लांबूनच नमस्कार. तिच्या भरतीचा अर्ज मी भरून दिला होता, चंद्रकला.

आणि आता राही. प्रात्यक्षिकासाठी तिला म्हाताऱ्या माणसांच्या तंदुरुस्तीची चाचणी घ्यायची होती. घरात सत्तरीची आजी बसलेली असताना ही मुलगी दोन एसट्या बदलून मुरबाडला तुझ्याकडे आली. मी काय मेले होते, असं विचारलं, तर म्हणाली, "आजी, तू पडशील गं. मला भीती वाटते." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसायला शिकवलं. उठायचं कसं, ते कुणी शिकवलं नाही.

तिच्या वहीत दोन म्हाताऱ्या लागतात. दुसरी म्हणून येत्या रविवारी ती शेजारच्या सकुबाईंना बसवणार आहे. त्या अजून जंगलातून मोळी आणतात, त्यांना काय, वीस होतील.

काल राही क्लासला गेल्यावर मी दार लावलं, स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीला टेकवली आणि समोर घड्याळ ठेवलं. सहा वेळा उठता आलं. सातव्याला ओटा धरावा लागला. माझ्या वयाला निदान दहा हवेत, हे तिच्याच पुस्तकात चोरून वाचलं.

म्हणून हे पत्र. शुक्रवारी दुपारी येशील? राही घरी नसते. येताना शिट्टी आण. तुझे घेतलेले तास मला परत करता येणार नाहीत, तरी त्यावर आणखी एक मागते आहे. रविवारी त्या खुर्चीत मला बसायचंय.

खिडकी उघडी ठेवते.

तुझीच, अजून जळणारी,
छाया