तिसरी लाल टाचणी

मी, वय वर्षे एकसष्ट, एका मोटार कंपनीची निवृत्त विभागीय व्यवस्थापक, हे पूर्ण शुद्धीवर आणि चष्मा लावून लिहीत आहे. सव्वीस वर्षे चौतीस शोरूम मी सांभाळल्या. कुणाच्या सांगण्यावरून काही लिहून देण्याची सवय मला नाही.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी मुलीला. जावयांनी भिंतींना हात लावण्याआधी तिला विचारावे.

२. गाडीखाली वाकून बघायची माझी विजेरी 'शिट्टी' या मुख्य मेकॅनिकला. मी फाटकात दिसले की तो शिट्टी वाजवून सगळ्यांना सावध करी. मला कळत नाही असे त्याला वाटे. आता निवांत वाजवावी.

३. भिंतीवरचा नकाशा माझ्या जागी आलेल्या मॅनेजरला. न कळवता गेल्यावर शोरूम बंद दिसली, तर त्या गावावर मी लाल टाचणी टोचत असे. वर्षात तीन झाल्या की डीलरशिप रद्द. नियम माझा होता आणि चांगला होता. गिऱ्हाईक दारातून परत जाणे त्यानेच थांबले.

४. एकदा तिसरी टाचणी माझ्या धाकट्या भावाच्या शोरूमवर आली. सकाळी साडेअकरा, शटर खाली. संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, आईला चक्कर आली, दवाखान्यात नेलं. तुला दोनदा फोन केला." तपासणीवर असताना मी फोन उचलत नसे. मी म्हणाले, "एक माणूस तरी बसवायचास." दुसऱ्या दिवशी रद्दचे पत्र धाडले. भावाला सूट दिली तर बाकीच्या तेहतिसांना काय तोंड दाखवू, असे नऊ वर्षे सांगत आले. आई गेली तेव्हाही आम्ही बोललो नाही. कामात मी क्वचित चुकले. ते पत्र चूक होते.

५. भावाला मी काहीही ठेवलेले नाही. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, असं कसं?" ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, हे त्यांनीच मला सांगितले होते. वाटणी घ्यायला तो मी गेल्यावर आला असता. साक्षीला मी असतानाच यावे लागते.

दोघा साक्षीदारांना सर्व वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

स्थळ: माझी बैठकीची खोली, नकाशासमोर
दि. १४ सप्टेंबर २०२३, सकाळी साडेअकरा
लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार २: धाकटा भाऊ (सही)
कलम ४ मध्ये दुरुस्ती: फोन दोनदा नाही, एकदाच केला होता. दुसरा करायला हवा होता.