पूतनेचं मरण राहिलंय

१२ ऑगस्ट, मंगळवार
बाळंतपणाच्या रजेनंतर नागपुरात सदर भागातल्या ऑफिसात पहिला दिवस. नव्या व्हिडिओ गेममधल्या शेवटच्या जंगलाची राक्षसीण रेखाटायचं काम माझ्या वाट्याला. टीमचा मुख्य निखिल, वयाने लहान, म्हणतो, "ताई, ड्रॅगन पाहून पाहून पोरं बोर झाली. आपल्या पुराणातलं काढा न काही." मी पूतना म्हणून मोकळी झाले. आता भोगा.
दुपारी कुर्ता भिजला. बाथरूममध्ये दूध पिळून टाकलं.

१५ ऑगस्ट
सुट्टी. पाजायला घेतलं तर चिनूने तोंड फिरवलं, तिला बाटलीच हवी. सासूबाई म्हणाल्या, "रडून काहून राहिली वं? लेकराले सवय लागते बाटलीची." चांगल्या मनाने म्हणाल्या. पण पूतनेचा हेवा वाटला. तिचं विषाचं दूध तरी प्यायला कृष्ण.

१८ ऑगस्ट
गोष्टीत ती देखणी बाई होऊन येते, यशोदासुद्धा अडवत नाही. खरं रूप मरतानाच दिसतं. निखिलला सुळे हवेत. मी सुळे रेखाटते, पण चेहरा झोप न झालेल्या बाईचाच होतो.
स्क्रीनसमोर डुलकी. स्वप्नात पूतना अख्ख्या शहरावर आडवी पडलेली, केस अंबाझरी तलावाच्या पाण्यात, पाय काटोल रोडवर. संत्र्यांचे ट्रक तिच्या बोटांना वळसा घालून चाललेले. हॉर्न कुणीच वाजवत नव्हतं. जाग आली तेव्हा चहा गार.

२० ऑगस्ट
तान्ह्या पोळ्याला मिरवून जाळतात त्या पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याच्या दर्शनाला सासूबाईंनी नेलं, चिनूसकट. लहानपणापासून बघते, पण जवळून आजच. केवढी ती! बायका लेकरांना तिच्या पायांवर घालत होत्या.
"हेच पूतना," सासूबाई म्हणाल्या. "किस्नानं मारल्यावर गावाबाहेर नेऊन जाळली होती तिले."
"मग पाया कशाला पडायचं?"
"साऱ्याइचं दुखणं घेऊन जाते न ते."
त्यांनी चिनूचं डोकं टेकवलं. मग हळूच माझंही.

२१ ऑगस्ट
माझी पूतना आता लढत नाही. खेळणाऱ्याने आपल्या जखमा तिला द्यायच्या, ती घेऊन चालू लागते. मला फार आवडली. निखिलने कपाळाला हात लावला.
"पण ताई, मारायची कशी हिले? टेस्टिंगवाले नुसते तिच्याभोवती फिरून राहिले."
सोमवारी तिच्या मरणाचं अ‍ॅनिमेशन हवं, नाहीतर काम दुसऱ्याकडे. दुसरा पहिल्याच दिवशी सुळे लावेल. मला ती द्यायची नाही कुणाला.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
इतवारीत मैत्रिणीच्या गॅलरीतून मिरवणूक. खाली लोक ओरडत होते, डेंग्यू घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. मलाही काही द्यायचं होतं. चिनू मला परकी समजते ही भीती. वाक्य जुळवत राहिले. तोवर मारबत डुलत डुलत वळली आणि गेली. जाळायच्या ठिकाणी आम्ही गेलो नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
दुपारी घर झोपलेलं. सकाळपासून बसून पूतना पाडली. पाडली म्हणजे, उतरत्या उन्हात ती सावकाश आडवी होते, बाळकृष्ण छातीवर खेळतोच आहे. तलवार कुठेच नाही. तिचं दूध प्यायला म्हणून कृष्णाने तिला आईची जागा दिली, असं सासूबाई सकाळी भाजी निवडताना सांगत होत्या.
तिचे डोळे मिटायचे तेवढे राहिले. तेवढ्यात चिनू कुरकुरली. बाटली स्वयंपाकघरात होती. मी तिला नुसतीच जवळ घेतली आणि तिने झोपेतच तोंड लावलं. ओढत होती की नुसती धरून होती, कळलं नाही. मी हलले नाही. लॅपटॉप कधीतरी आपोआप विझला.